नऊ घरांची यादी

सोमवार, १२ मार्च १९३४ रोजी सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात काळ्या सदऱ्यांच्या, म्हणजे फॅसिस्टांच्या, तुकडीने द्रेनोवा गावातील त्रेसष्ट घरांपैकी नऊ घरांची झडती घेतली. नऊच्या नऊ घरांत स्लोव्हेन भाषेतील अक्षरओळखीची पुस्तिका सापडली. उरलेल्या चोपन्न घरांच्या दाराला कोणी हात लावला नाही.

त्या दिवशी मी गावात नव्हतो. पादुआच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मी स्वतः न पाहिलेल्या ज्या गोष्टी पुढे येतील, त्या किमान दोन जणांकडून स्वतंत्रपणे ऐकलेल्या आहेत. जेथे साक्ष एकाचीच आहे, तेथे तसे सांगेन.

पहिले महायुद्ध संपल्यापासून आमच्या खोऱ्यावर इटलीचे राज्य होते. आमची भाषा आधी शाळेतून गेली, मग दुकानांच्या पाट्यांवरून, मग नव्या थडग्यांवरून आणि शेवटी आडनावांतून. माझे आडनाव रुस्त्या. एका छापील पत्राने ते रुस्ती झाले. फेलिक्स लिस्याक यांना त्याच टपालाने फेलिचे व्होल्पी करण्यात आले. आमच्या भाषेत लिस्याक म्हणजे कोल्हा आणि इटालियन भाषेत कोल्ह्याला व्होल्पे म्हणतात. कारकुनाचा शब्दसंग्रह चांगला होता.

लिस्याक हे गावच्या शाळेचे जुने मास्तर. १९२६ साली त्यांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी दक्षिणेकडून एकामागून एक शिक्षिका येऊ लागल्या. मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले. दर रविवारी दुपारची प्रार्थना आटोपली की रूडी चेर्मेलच्या माडीवर ते मुलांना आमच्या भाषेत वाचणे, लिहिणे आणि आकडेमोड शिकवीत. रूडी पिंपे बनवणारा. त्याच्या माडीवर रेशीमकिड्यांची खोली होती. उन्हाळ्याच्या तोंडाचे सहा आठवडे सोडले तर ती रिकामीच असे. शिकवणीला नऊ घरांतली चौदा मुले येत. दहाव्या घरातून, म्हणजे चाके बनवणाऱ्या कोलारांकडून, पाच वर्षांची झ्डेन्का येई. तिला मास्तरांचा लळा होता.

झडतीची सुरुवात रूडीच्या अंगणातून झाली. बुर्या हा डोंगरावरून येणारा सोसाट्याचा गार वारा सुटला होता, आणि छपरांवर वजनाला ठेवलेले दगड हलत होते.

"नाव?" तुकडीच्या म्होरक्याने विचारले.

"रुडोल्फ चेर्मेल."

"चेर्मेली," म्होरक्याने दुरुस्ती केली. "आपलं नाव नीट घेता येत नाही, आणि पोरांना भाषा शिकवायला निघाला. कोण शिकवतो?"

"मीच."

"तू? पिंपं ठोकणारा? वा! मग दमला असशील. मास्तर लोकांचा घसा फार कोरडा पडतो."

दोघांनी रूडीला त्याच्याच अर्धवट झालेल्या पिंपावर उताणे धरले आणि तिसऱ्याने त्याच्या तोंडात नरसाळे घातले. अर्धा लिटर एरंडेल. हा त्या काळचा ठरलेला डोस होता; त्यात माणूस सहसा मरत नसे, फक्त गावात पुन्हा मान वर करून चालत नसे. डोस निम्मा झाला असता म्होरक्या खाली वाकला आणि दारात उभ्या असलेल्या स्लाविकाला, रूडीच्या आठ वर्षांच्या मुलीला, गोड आवाजात म्हणाला, "बाळ, बाबांना खरं सांगता येत नाहीये. तोंड भरलंय ना त्यांचं. तू सांगतेस?"

स्लाविकाने मास्तरांचे नाव सांगितले. राहिलेला निम्मा डोस तरीही ओतण्यात आला.

मास्तरांना अकरा वाजता धरले. एरंडेल पाजून तासभर अंगणात उभे केले आणि परिणाम सुरू झाल्यावर बैलगाडीत चढवले. गाडी हमरस्त्याकडे नेण्यापूर्वी गावातून तीनदा फिरवली. पहिल्या फेरीला लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या फेरीला त्या उघडायला लावल्या. पाच वर्षे दक्षिणेच्या एका बेटावर, अशी शिक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी तेथे विषमज्वराने ते गेले. तसे सरकारी पत्र फेलिचे व्होल्पी यांच्या नातेवाइकांच्या नावे आले. टपालवाला नवा होता. या नावाचे गावात कोणी नाही असा शेरा मारून त्याने ते परत पाठवले. मास्तरांची बहीण तेरेझिया त्यानंतर चौदा महिने भावाला लोकरीचे मोजे पाठवत राहिली.

ईस्टरच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा गावात दुसरा विषय नव्हता. नऊ घरांतले पुरुष रूडीच्या कामाच्या पडवीत जमले होते. मला बोलावणे आले.

"आले बघा आमचे पंडित," रूडी म्हणाला. "बस रे बोग्दान, त्या पिंपावर बस. उभ्यानं अक्कल पायात उतरते."

"कोण फुटलं ते काढायचंय," फुर्लान म्हणाला. तोही त्या नऊपैकी. "चर्चच्या पायरीवर रोज वीस जण बसतात आणि वीस नावं घेतात. काल तर कोणी माझंच घेतलं."

"मीच घेतलं," मागून कोणीतरी म्हणाले. "तुझ्या तोंडावर घेतो, पाठीमागं नाही."

"भांडू नका," रूडी म्हणाला. "पोरगं शास्त्र शिकतंय ना? मग लावू दे शास्त्र."

मला हे आवडले. मी तेवीस वर्षांचा होतो आणि अफवांचा मला तिटकारा होता. फळ्यांवर खुणा करण्याचा खडू घेऊन मी एका पिंपाच्या झाकणावर मांडणी सुरू केली. खबर देणारा या नऊ घरांतला असता, तर त्याने आपले घर वगळले असते.

"किंवा संशय नको म्हणून मुद्दाम घातलं असतं," फुर्लान म्हणाला.

"एरंडेल प्यायची हौस म्हणून?" रूडीने विचारले. सगळे हसले. रूडी हसला नाही.

म्हणजे खबरी बाहेरचा. पण सर्व घरे माहीत असलेली बाहेरची माणसे चारच होती: पाद्री, तेरेझिया, मी स्वतः आणि युस्तिना फाब्यान. युस्तिना ही विधवा शाळेत झाडलोट करी आणि शेगडी पेटवी. तिचे अंगण रूडीच्या माडीच्या जिन्यासमोर होते, त्यामुळे कोण चढले आणि कोण उतरले हे तिला दिसे.

मग मी दोन विसंगती मांडल्या. पहिली: कोलारांकडे पुस्तिका होती, तरी त्यांची झडती झाली नाही. दुसरी: फुर्लानने आपल्या मुलीला नाताळात शिकवणीतून काढले होते, तरी त्याची झडती झाली. याचा अर्थ खबऱ्याला नाताळापर्यंतची माहिती होती, नंतरची नव्हती. आणि त्याला कोलारांना वाचवायचे होते. खुद्द कोलार, पाद्री आणि तेरेझिया यांना मात्र फुर्लानची मुलगी नाताळानंतर येत नाही हे ठाऊक होते, म्हणून ते बाद. युस्तिना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बर्फावर घसरून पडली होती आणि फेब्रुवारी संपेपर्यंत अंथरुणावर होती. झ्डेन्का कोलारची बाप्तिस्म्यातली धर्ममाता युस्तिनाच होती.

दोन्ही विसंगती एका नावाने सुटत होत्या. मी त्या नावाखाली रेघ ओढली.

"जानेवारीत एर्सिलिया बाईनं तिला कॉफीचा डबा दिला होता," कोणीतरी हळूच म्हणाले. एर्सिलिया बाई म्हणजे त्या वेळची शिक्षिका.

रूडीने विचारले, "नक्की ना?"

मी म्हणालो, "दुसरी शक्यता उरत नाही."

हे वाक्य मी जसेच्या तसे देतो आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने मी पादुआला परत गेलो.

शुक्रवार, ६ एप्रिलला दुपारी चार वाजता चार जण युस्तिनाच्या घरी गेले. तुकडीचा म्होरक्या रूडीच्या अंगणात एरंडेलाची बाटली विसरला होता, किंवा मुद्दाम ठेवून गेला होता. तिच्यात तिसरा हिस्सा शिल्लक होता. नरसाळे रूडीचेच होते. जे बोलणे झाले ते युस्तिनाच्या मुलीने, सोळा वर्षांच्या अल्बिनाने, आतल्या खोलीतून ऐकले. दाराला बाहेरून कडी घातलेली होती. ही एकच साक्ष आहे, पण पुढे रूडीने ती नाकारली नाही.

"अरे रूडी, सगळे मिळून आलात? स्लाविकाला बरं नाही का?" युस्तिनाने विचारले.

"एर्सिलिया बाईला काय काय सांगितलंस?"

"मी? काय सांगणार? तिची बोली मला येत नाही, माझी तिला येत नाही. 'लाकूड' आणि 'उद्या', हे दोनच शब्द येतात मला त्यांच्यातले."

"कॉफी कसली दिली तिनं?"

"प्यायला दिली. दुखत होतं ना माझं, म्हणून. निम्मी तुझ्याच बायकोला नाही का दिली मी?"

"बोलायला दोन शब्द पुरतात," फुर्लान म्हणाला. "नावं तर काय, सगळ्या भाषांत सारखीच."

"कसली नावं? अरे, तुमच्या पोरांची नाकं पुसलीत रे मी थंडीत. मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही..."

"तोंड आहे ना?" रूडी म्हणाला. "उघड ते."

युस्तिना चोपन्न वर्षांची होती आणि आठ आठवड्यांच्या अंथरुणातून नुकती उठली होती. निरोगी माणूस एरंडेलाने मरत नाही. अशक्त माणूस अंगातले पाणी गेल्याने मरू शकतो. ती चौथ्या दिवशी मेली. डॉक्टरांनी "आतड्यांचा दाह" असे लिहिले आणि काही विचारले नाही. अंत्यविधीला तिघे होते: पाद्री, अल्बिना आणि काळी हॅट घातलेली एर्सिलिया बाई. शिक्षिका आली, हाच गावाने शेवटचा पुरावा मानला.

मला हे जूनमध्ये कळले. वाईट वाटले; पण माझ्या मांडणीत चूक आहे असे वाटले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

त्यानंतर तेरा वर्षे गेली. दुसरे महायुद्ध झाले, काळे सदरे गेले, आणि १९४७ च्या सप्टेंबरात नवी सरहद्द आखली जाऊन आमचे खोरे युगोस्लाव्हियात आले. मी तालुक्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होतो. गावोगावच्या समित्या जुन्या राजवटीच्या खबऱ्यांच्या याद्या करू लागल्या. द्रेनोवाच्या समितीचा अध्यक्ष रूडी चेर्मेल होता. त्यांच्या यादीत पहिले नाव होते युस्तिना फाब्यान, मयत. यादीतल्या लोकांची घरे आणि द्राक्षमळे काढून घेतले जाणार होते आणि वारसांना पंधरा दिवसांची मुदत होती.

तिसऱ्या दिवशी अल्बिना माझ्या वर्गाबाहेर येऊन उभी राहिली. ती एकोणतीस वर्षांची झाली होती आणि एकटीच राहत होती. त्या घरातली मुलगी गावात कोणी केली नव्हती.

"मास्तर म्हणू की साहेब?"

"बोग्दान म्हण."

"नको. बोग्दान म्हटलं की ओळख असल्यासारखं वाटतं." तिने समितीचा कागद माझ्यासमोर धरला. "गणित तू मांडलं होतंस म्हणे. पिंपाच्या झाकणावर."

"हो."

"मग तपासून दे. पोरांची तपासतोस ना, तशीच. बारा दिवस आहेत माझ्याकडे. उत्तर बरोबर निघालं तर मी घर सोडते, आईला चार शिव्या घालते आणि जाते. चुकलेलं निघालं तर तसं लिहून दे."

"पुरावा राहिला नसेल आता."

"तेव्हा कुठं होता?" ती म्हणाली.

गणित तपासायचे तर पहिल्या पायरीपासून तपासावे लागते. माझी पहिली पायरी अशी होती: खबर कोणीतरी दिली. बाकी सर्व पायऱ्या मी तेव्हा दोनदा पडताळल्या होत्या. ही पडताळलीच नव्हती, कारण ती मला पायरी वाटली नव्हती, जमीन वाटली होती.

जुन्या शाळा-तपासणीसाच्या कचेरीतले कागद पोत्यांत भरून आमच्याच शाळेच्या तळघरात टाकलेले होते आणि दोन हिवाळे शेगडी पेटवण्यासाठी वापरले जात होते. सतरा पोती उरली होती. चौथ्या पोत्यात लाल दोरीने बांधलेला गठ्ठा मिळाला. वर एका कागदावर नऊ कुटुंबप्रमुखांची नावे होती. त्यात फुर्लान होता, कोलार नव्हता. खाली एर्सिलिया बाईची सही आणि तारीख, ३ मार्च १९३४.

यादी शिक्षिकेने केली होती. याने अल्बिनाचे काम झाले नाही; उलट बिघडले, कारण युस्तिना त्याच बाईच्या शाळेत केर काढत होती. पण यादीखाली त्या घरांतल्या चौदा मुलांच्या चौदा वह्या होत्या. बाईला कोणी नावे सांगितली असती, तर वह्यांची गरज पडली नसती.

वह्या आकड्यांच्या श्रुतलेखनाच्या होत्या. बाई इटालियनमध्ये आकडे सांगे आणि मुले अंकांत लिहीत. प्रत्येक पानावर चाळीस. मी आधी निषिद्ध शब्द शोधले, मग आमची खास अक्षरे, मग समासातली चित्रे. काही नव्हते. मग चुका शोधल्या. चुकाही फारशा नव्हत्या. ही मुले हुशार होती. पण बाईने लाल पेन्सिलीने गोल केलेले अंक बहुतेक सगळे बरोबर होते, आणि पुष्कळ जागी गोलात संपूर्ण संख्या नव्हती, तिचा उजवा अंक तेवढा होता. २७ मधला सात. ६४ मधला चार. ९३ मधला तीन.

भिंग घेतल्यावर दिसले की गोल केलेला प्रत्येक अंक पुसटलेला आहे. डावा अंक स्वच्छ आणि उजवा फरफटलेला. त्याच पानांच्या माथ्यावर मुलांनी आपली नावे आणि महिन्याची नावे लिहिली होती. त्यांतले एकही अक्षर फरफटलेले नव्हते.

त्या वेळी मुले टाकाने लिहीत. दौतीत बुडवायचा, एक संख्या लिहायची, पुन्हा बुडवायचा. डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्याचा हात ओल्या शाईच्या पुढे पुढे सरकतो. ती त्याच्या हाताखाली येत नाही. उजवा अंक पुसटायचा असेल, तर तो आधी लिहिलेला हवा, आणि मग डावा अंक लिहिण्यासाठी हात त्याच्यावरून मागे न्यायला हवा.

हे खरे असेल तर तीन अंकी संख्यांत निराळी खूण दिसली पाहिजे. आमच्या भाषेत एकशे सत्तावीस म्हणताना शंभर आधी येतात, मग सात आणि मग वीस. म्हणजे लिहिणारा एक काढील, मध्ये जागा सोडील, सात काढील आणि मग दोन मध्ये बसवील. मी शेवटची पाने उघडली. चौदाही वह्यांत मधला अंक चिंचोळा होता, दोन माणसांच्या मध्ये बाकावर दाटीने बसवलेल्या मुलासारखा. मी स्वतः टाक आणि दौत आणून दोन्ही पद्धतींनी चाळीस-चाळीस संख्या लिहून पाहिल्या. एका पानावर दोन डाग पडले, दुसऱ्यावर एकतीस.

इटालियनमध्ये सत्तावीस नाही, वीस-सात म्हणतात. तेथे शिकलेला हात ऐकतो तसा सरळ लिहीत जातो. आमच्या गावची सगळीच मुले घरी सत्तावीस म्हणत, पण त्यांतली जी केवळ सरकारी शाळेत लिहायला शिकली ती डावीकडून लिहीत. एकक आधी मांडायचा, दशक त्याच्या डाव्या अंगाला, हे फक्त लिस्याक मास्तर शिकवीत.

बाईचे पत्र सातव्या दिवशी अकराव्या पोत्यात मिळाले. एकच पान होते, अक्षर सुरेख. चौतीसपैकी चौदा विद्यार्थ्यांच्या वह्यांत डाग पडतात आणि हातावर पट्टी मारूनही ते कमी होत नाहीत, असे निरीक्षण तिने आधी मांडले होते. यापूर्वी आपली नेमणूक उत्तरेच्या डोंगरात जर्मन बोलणाऱ्या गावी होती. तेथील लोकही सात-आणि-वीस म्हणतात. तेथे तळघरात चोरून शिकणारी मुले याच डागांवरून ओळखू आली होती, असे पुढे होते. म्हणून या चौदा मुलांना शाळेबाहेर कोणीतरी परक्या भाषेत लेखन शिकवीत आहे, हे आपण खात्रीने कळवतो. शेवटी शेगडीचा धुराचा नळ बदलून मिळावा अशी विनंती होती.

नवव्या दिवशी मी वह्या घेऊन समितीच्या खोलीत गेलो. अल्बिना दाराशी उभी राहिली. रूडीने पत्र वाचले आणि बाजूला सारले.

"कागद आहे. त्यांचे कागद आपण कधीपासून खरे मानायला लागलो?"

"मग कागद सोडा. स्लाविकाला बोलवा."

स्लाविका एकवीस वर्षांची होती आणि शेजारच्या खोलीत समितीचीच कारकुनी करीत होती. मी तिच्यापुढे कागद ठेवला आणि इटालियनमध्ये एक संख्या सांगितली: एकशे वीस-सात. तिने पेन्सिलीने एक काढला, जागा सोडली, सात काढला, हात मागे घेतला आणि मधे दोन बसवला.

"असंच लिहितेस नेहमी?" मी विचारले.

"म्हणजे? आणखी कसं लिहितात?" ती म्हणाली. "काय झालं, बाबा?"

"काही नाही. जा तू," रूडी म्हणाला.

ती गेल्यावर त्याने तो कागद तिच्या जुन्या वहीशेजारी ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्याच पोरांच्या हातात होतं."

"ते बोटांत होतं," दारातून अल्बिना म्हणाली. "आणि माझ्या आईच्या तोंडात काय होतं, ते तुला ठाऊक आहे."

"पोरी, तेव्हा आम्हाला..." रूडी म्हणाला. त्याने यादी ओढली, पहिल्या नावावर काट मारली आणि समासात लिहिले: नजरचुकीने समाविष्ट.

"घर राहील तुझं," तो म्हणाला. "आता विषय संपला. कोणाची पोरगी, कोणाचा हात, हे गावात जायला नको."

"नजरचुकीने नाही," अल्बिना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू लिही. आई निर्दोष होती, देवमाणूस होती, असलं काही नको. ते थडग्यावर सगळ्यांच्याच लिहितात. कारण लिही. आणि याच्या फायलीत लाव."

रूडीने शाईची दौत माझ्याकडे सरकवली नाही. ती मी स्वतःच ओढून घेतली. मी लिहिलेला मजकूर असा:

"मार्च १९३४ मध्ये झडती झालेल्या नऊ घरांची खबर कोणीही दिलेली नव्हती. त्या घरांतील चौदा मुले फेलिक्स लिस्याक यांच्याकडे अंक लिहायला शिकली होती. आपल्या भाषेत संख्येतील एकक आधी उच्चारला जातो. म्हणून ती एकक आधी लिहीत आणि दशक त्याच्या डावीकडे मागाहून लिहीत. त्यामुळे एककाच्या ओल्या शाईवर हात घासून डाग पडे. शिक्षिकेने त्या डागांवरून मुले ओळखली आणि मुलांवरून घरे. फुर्लानांच्या मुलीने शिकवणी सोडली होती, पण हाताचे वळण सुटले नव्हते. झ्डेन्का कोलार अद्याप शाळेत जात नव्हती आणि तिची वही नव्हती, म्हणून ते घर यादीत आले नाही. युस्तिना फाब्यान यांचा यात कोणताही भाग नाही. त्यांना ६ एप्रिल रोजी गावातील चार जणांनी एरंडेल पाजले. त्याने त्या मेल्या. खबरी आहे हे बोग्दान रुस्त्या याने न तपासता गृहीत धरले होते."